मुखपृष्ठावर आमची छकुली

...आणि वर मलाच विचारतात, "एवढं काय असतं हो त्यात? एक फोटो चिकटवायचा, वर मासिकाचं नाव टाकायचं, झालं मुखपृष्ठ!" झालं? असं होत असतं तर माझ्या डोक्यावरचे केस एवढ्या लवकर गेले असते का? तुम्हाला सांगतो, खेळाच्या मासिकाचं मुखपृष्ठ करणं म्हणजे घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांना एकाच सोफ्यावर बसवून फोटो काढण्यासारखं आहे. प्रत्येकाला मध्येच बसायचंय, कुणालाही उठायचं नाही, आणि फोटो बिघडला की शिव्या मात्र कॅमेरा धरणाऱ्याला! इतकी वर्षं मी हे काम करतोय, आणि आजतागायत एक मुखपृष्ठ माझ्या मनासारखं झालं असेल तर शपथ. कारण मुखपृष्ठ मी करतच नाही. नियम करतात. मी नुसता माऊस हलवतो.

आता नियम कसले, ऐका. पहिला नियम, खेळाडूने वाचकाच्या डोळ्यांत डोळे घालून बघायचं. चेंडूकडे नाही! अहो, ज्याला लहानपणापासून ओरडून ओरडून शिकवलंय की बाबा चेंडूवर नजर ठेव, त्याने मुखपृष्ठावर आल्याबरोबर चेंडू बगलेत मारायचा आणि तुमच्याकडे असं बघायचं, की तुम्हीच जणू त्याची सायकल पळवलीय. का? तर तसंच असतं! मग हाताची घडी. शाळेत आपण गोंधळ घातला की बाई म्हणायच्या, हाताची घडी, तोंडावर बोट. इथे माणूस पदकं जिंकून येतो तरी पुन्हा हाताची घडी! मग घाम. खरा घाम चालत नाही बरं का, खऱ्या घामाने फोटो कळकट दिसतो. म्हणून आधी खेळाडूला छान पुसून काढायचं, आणि मग कुंड्यांवर पाणी मारायच्या फवाऱ्याने त्याला पुन्हा ओला करायचा. मग आग. चेंडूला आग लावल्याशिवाय आमच्याकडे अंक छापायलाच जात नाही. मी फुटबॉल पेटवलेत, टेनिसचे चेंडू पेटवलेत, एकदा तर बुद्धिबळातला घोडा पेटवला, आणि पोहणाऱ्या माणसाच्या मागे ज्वाळा सोडल्या. पाण्यात! मी संपादकांना विचारलं, "साहेब, पाण्यात जाळ?" तर म्हणाले, "वाचकाला काय हवंय? ऊर्जा!" आता काय बोलणार? तसंच असतं!

आणि मथळा एकाच शब्दाचा, पुढे उद्गारचिन्ह. 'वादळ!' 'झंझावात!' 'तुफान!' आमच्या मासिकात एका वर्षात इतकी वादळं येतात की आतली माणसं छत्री घेऊन बसत असतील. हरलेल्याचा फोटो काळापांढरा, मान खाली. जिंकलेला रंगीत. पुरुष असेल तर त्याने दात ओठ खाऊन गर्जना करायची. बाई असेल तर तिने स्टिक खांद्यावर टाकून हसायचं. तीही जिंकूनच आलीय की हो, तिलाही गर्जना येत असेलच की! पण नाही. बाई हसते. का? तर तसंच असतं!

आणि या सगळ्यांत मानाचा नियम म्हणजे डोक्याचा. मासिकाचं नाव वर मोठ्या अक्षरांत असतं ना, त्याच्या पुढे खेळाडूचं डोकं आलं पाहिजे. म्हणजे तो इतका थोर, की मासिकाच्या नावालाही मागे सरावं लागतं. जेवढा खेळाडू मोठा, तेवढी जास्त अक्षरं झाकायची. आमच्या मासिकाचं नाव चार अक्षरी आहे. त्यातलं तिसरं अक्षर गेल्या कित्येक वर्षांत कुणाला दिसलेलं नाही. माझ्या सासूबाई अजून शेजारणींना सांगतात, "आमचे जावई एका मासिकात असतात, त्याचं नाव कळायला मार्ग नाही."

तर अशा या कारखान्यात एके दिवशी मला ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. ती फोनवर 'हॅलो' म्हणत नाही, ती सरळ मुद्द्याच्या मध्यभागी उतरते. "तू जगाचे चेहरे छापतोस. माझ्या पोरीचा कधी छापणार आहेस?"

ताईची पोर म्हणजे माझी भाची, छकुली. घरातलं नाव छकुली, पण दारातून आत येताना वाकून येते. हॉकी खेळते. गोलकीपर. आता इथेच सगळी गोम आहे, लक्षात घ्या. हॉकीतला गोलकीपर कसा असतो? पायाला गाद्या, हाताला गाद्या, छातीला गादी, आणि डोक्यावर हेल्मेट. हेल्मेटला पुढे लोखंडी जाळी. बाकीच्या मुली गोल मारतात, धावतात, मिठ्या मारतात, केस उडवतात, आणि आमची पोर तिकडे लांब एकटी, बांधून ठेवलेल्या कपाटासारखी उभी. आजवर तिचे जेवढे फोटो छापून आले, त्यात माणूस कुठे आहे ते शोधावं लागतं. ताईने ते सगळे फोटो कापून दिवाणखान्यात भिंतीवर लावलेत. येणारा पाहुणा आधी पाणी पितो आणि मग विचारतो, "हे अंतराळवीर कोण तुमच्याकडे?"

आणि या वर्षी तर कहरच झाला. अंतिम सामना! बरोबरी. मग एकेकीने समोरून येऊन गोल मारायचा, तो प्रकार. टीव्हीवाले दर वेळी कॅमेरा तिच्या हेल्मेटपाशी नेऊन जाळीतले तिचे दोन डोळे दाखवत होते. मी घरी सोफ्याची उशी चावत बसलो होतो, आमची ही म्हणत होती, "अहो, ती उशी सोडा, नवीन आहे!" आणि तिकडे आमची छकुली... तुम्हाला सांगतो, एक म्हणून आत जाऊ दिला नाही तिने! एक म्हणून नाही! जिंकलो. सगळ्या मुली धावत आल्या, त्यांनी तिच्यावर उड्या मारल्या, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला तो कुणाचा? कप्तानाचा. हसणारा. छकुली त्यात आहे म्हणे, खालून तिसरा बूट तिचा.

ते सोडा. सत्काराला गेलो आम्ही सगळे. हेल्मेट नाही, गाद्या नाहीत, साधा पंजाबी ड्रेस घालून आलेली पोर. स्वागताला उभे असलेले गृहस्थ पुष्पगुच्छ घेऊन पुढे आले, त्यांनी तो संघाच्या मालिशवाल्या बाईंच्या हातात दिला, आणि आमच्या छकुलीला म्हणाले, "ताई, जरा बाजूला व्हा हं, खेळाडूंना येऊ द्या." आणि ही वेडी काय करते? झाली बाजूला! वर टाळ्याही वाजवल्या! मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू. ती हसत होती हो, पण गाडीत बसल्यावर म्हणाली, "मामा, मी संपले तरी कुणाला कळायचं नाही." कारण तिचा गुडघा गेलाय. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, पुढच्या महिन्यात ऑपरेशन, नंतर चाला, फिरा, पण खेळ बंद. म्हणजे मुखपृष्ठावर यायचं तर याच अंकात. नाहीतर कधीच नाही.  मी ताईला म्हटलं, "छापतो." शब्द देऊन बसलो!

आता शब्द देणं सोपं, पण बैठकीत तो पाळायचा कसा? आमच्या बैठकीत साहेब असतात, आणि विक्री सांभाळणारे एक गृहस्थ असतात. त्यांना आम्ही 'खप' म्हणतो, कारण त्यांच्या तोंडून दुसरा शब्दच येत नाही. मी छकुलीचं नाव काढलं मात्र, खप असे दचकले, की मी जणू मुखपृष्ठावर भेंडीचा फोटो सुचवला. "गोलकीपर? अहो, गोलकीपरने खप होतो का कधी? गोल मारणारा विकला जातो, अडवणारा नाही! शिवाय चेहरा ओळखीचा हवा. हिचा चेहरा कुणी पाहिलाय?"

मी म्हटलं, "कुणी पाहिला नाही म्हणूनच छापायचा."

"कुणी पाहिला नाही म्हणूनच छापायचा नाही!"

तुम्ही सांगा, यापुढे वाद घालता येतो का? पण मी घातला. मी आयुष्यात पहिल्यांदा टेबलावर हात आपटला. दुखला. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ते असं करतात तेव्हा त्यांना काही सुचलेलं नसतं. मग म्हणाले, "वाचकाला काय हवंय?... बरं, छापा. पण एकही नियम मोडायचा नाही. चेहरा पूर्ण दिसला पाहिजे, नजर वाचकाकडे, आणि मुलगी हसली पाहिजे." मी म्हटलं, साहेब, तुमच्या तोंडात साखर पडो! आणि तिथून जो सुटलो तो थेट स्टुडिओत.

आमच्या फोटोग्राफरला सगळे 'हनुवटी' म्हणतात. का, ते कळेलच. त्याने छकुलीला करड्या कागदासमोर उभं केलं आणि सुरू झाला. "हनुवटी खाली... आणखी खाली... जरा वर... डावीकडे... खांदा सैल... हनुवटी कुठे गेली?... हां, आता अगदी नैसर्गिक उभ्या राहा!" अहो, एवढं पिळून काढल्यावर नैसर्गिक काय राहतं? आणि छकुली भिंगाकडे बघेच ना! तिची नजर सारखी हलणाऱ्या वस्तूवर. दिव्याची वायर हलली, हिचे डोळे तिकडे. पंख्याने कागद फडफडला, हिचे डोळे तिकडे. एक माशी आली, तर हिने तिच्याकडे इतकं लक्ष देऊन बघितलं, की माशीच निघून गेली. मेकअप करणाऱ्या बाईंच्या हातून पावडरचा डबा निसटला, तो जमिनीवर पडायच्या आत आमच्या पोरीने उभ्या जागेवरून पाय लांब करून अडवला! झाकण उडालं, सगळी पावडर हनुवटीच्या अंगावर. म्हणजे फोटोग्राफरच्या. तो शिंकत शिंकत म्हणतोय, "मॅडम, हसा!"

हसली. काय सांगू तुम्हाला! दाताच्या डॉक्टरने 'आ करा' म्हटल्यावर माणूस जसा दिसतो, अगदी तशी. मी म्हटलं, छकुले, बाळा, नीट हस. ती म्हणाली, "मामा, गोलपाशी हसायला वेळ कुठे असतो? मला सवय नाही." खरंच आहे की हो! मी म्हटलं, हसणं गेलं खड्ड्यात. एक नियम मोडला तर मोडला, साहेबांना म्हणू मनातल्या मनात हसतेय. पण नजर? नजर तर हवी. शेवटी मला युक्ती सुचली. मी स्टूल घेतलं, त्यावर चढलो, या वयात, या पोटासकट, आणि हॉकीचा चेंडू कॅमेऱ्याच्या भिंगाच्या अगदी वर धरला. म्हटलं, "छकुले, टाकतो हं!"

आणि तुम्हाला सांगतो, त्या पोरीचा चेहराच बदलला. लाजणारी, बावरलेली, हात कुठे ठेवू विचारणारी मुलगी गेली, आणि तिथे एक वेगळीच बाई उभी राहिली. डोळे असे, की बघणाऱ्याने आपणहून चेंडू खाली ठेवून घरी जावं. हनुवटीने हनुवटीचं नावसुद्धा काढलं नाही, खटाखट फोटो घेतले. मी स्टुलावर उभाच.  मी तिचा सख्खा मामा, पण जाळीमागे ती अशी दिसत असेल हे मलाही ठाऊक नव्हतं. मग स्टूल मोडलं. तो भाग सोडून देऊ.

तर इतका सुंदर फोटो घेऊन मी मुखपृष्ठ मांडलं. अख्खा चेहरा, कपाळापासून हनुवटीपर्यंत, नाक, गाल, सगळं स्वच्छ. आग नाही, फवारा नाही, वादळ नाही. छापून काढलं आणि ऑफिसात फिरवलं, म्हटलं लोक काय म्हणतात बघू. आमच्या स्वागतकक्षातल्या बाई म्हणाल्या, "अय्या, आपण पाककृतींचं सदर सुरू करतोय का?" हिशेब बघणारे गृहस्थ म्हणाले, "छान आहे, साबण कुठला?" मुद्रितं तपासणाऱ्या आजोबांनी भिंग लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "ही आपल्या दातांच्या डॉक्टरांची धाकटी ना?" अहो, याच सगळ्यांनी ऑफिसात टीव्हीवर अंतिम सामना बघितला होता! नाचले होते! आणि आता चेहरा समोर धरला तर एकाला ओळखता येत नाही. मी हात टेकले.

खप टपलेलेच होते. "बघा! मी म्हटलं नव्हतं? लोक ओळखत नाहीत, म्हणजे ओळख करून द्यावी लागणार." आणि इथून, तुम्हाला सांगतो, इथून घोळ सुरू झाला. पहिलं म्हणजे मासिकाचं नाव. मी नियमाप्रमाणे तिचं डोकं नावाच्या पुढे घेतलं होतं. खप म्हणाले, "अहो, तो मान प्रसिद्ध माणसांचा! अप्रसिद्ध असेल तर नाव पुढे, डोकं मागे." मी म्हटलं, असा नियम कुठे आहे? म्हणाले, "तसंच असतं!" मी नाव पुढे घेतलं. कपाळ गेलं. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या मासिकाचं तिसरं अक्षर दिसलं, पण कपाळ गेलं.

मग ओळख. डाव्या गालावर पट्टी, 'अंतिम सामन्याची पोलादी भिंत!' बरं, ठीक आहे, निदान तिच्याबद्दल तरी आहे. मग आरोग्याचं सदर लिहिणारे डॉक्टर आले, त्यांना दर अंकात मुखपृष्ठावर एक ओळ लागते, नाहीतर ते लिहीत नाहीत. उजव्या गालावर, 'गुडघेदुखीवर घरच्या घरी सात व्यायाम.' तिच्याच गालावर! मग वेळापत्रक. मग मोफत पोस्टर. मोफत म्हटलं की काटेरी पिवळा गोल आला, गोल खाली उजवीकडे असतो, आणि खाली उजवीकडे काय होतं? हनुवटी. मी मनात म्हटलं, जाऊ दे, हनुवटीचा तसाही फार त्रास झालाय. मग छपाईवाल्यांचा फोन, "साहेब, बारकोड राहिला. पांढरी जागा लागते, नाहीतर मशीन वाचत नाही." फोटोत पांढरं काय होतं? तिने ओठ जरासे उघडले होते, तेवढे दात. मी म्हटलं, ठेवा बाबा तिथे. मग नाकाच्या शेंड्यावर किंमत.

आता तुम्ही म्हणाल, अहो, तुम्हाला दिसत नव्हतं का काय चाललंय ते? नव्हतं दिसत! कसं दिसणार? आमचं काम असंच चालतं. पडद्यावर एकेक कोपरा मोठा करून बघायचा. पट्टी सरळ आहे ना? आहे. गोलाचे काटे सारखे आहेत ना? आहेत. प्रत्येक कोपरा कसा, देखणा! अख्खं पान एकत्र बघायला फुरसत कुणाला? एकदाच मी भडकलो, जेव्हा खप म्हणाले की डोळ्यांवरून वार्षिक वर्गणीची एक आडवी पट्टी छान जाईल. मी उभा राहिलो. म्हटलं, "खबरदार! डोळ्यांना हात लावायचा नाही! वाचकाच्या डोळ्यांत डोळे, हा पहिला नियम आहे. साहेबांना विचारा!" नियमाचं नाव घेतल्यावर खपनी पट्टी मागे घेतली. मला वाटलं, काय लढलो मी! ऐटीत पान छापायला पाठवून दिलं.

आणि छापखान्यात पहिला कागद हातात आला तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. चेहरा नाहीच! वरून अक्षरं, डावीकडून पट्टी, उजवीकडून पट्टी, खालून गोल, मधे बारकोड, आणि या सगळ्या गर्दीतून दोन डोळे बाहेर बघतायत. मी मशीन थांबवा म्हणून ओरडलो, पण मशीनच्या आवाजात मशीनवाल्याला वाटलं मी 'मस्त, चालू द्या' म्हणतोय. त्याने अंगठा दाखवला आणि वेग वाढवला!

सकाळी ताई आणि छकुली चौकातल्या पेपरच्या स्टॉलवर येणार होत्या. मी आजारी पडायचा विचार केला, पण आमची ही म्हणाली, "जा. तोंड दाखवा." म्हटलं, तेवढंच तर छापलं नाही! गेलो. ताई नवी साडी नेसून आलेली. छकुली गुडघ्याला पट्टा बांधून, हळूहळू चालत. आणि समोर स्टॉलवर दोरीला चिमट्यांनी टांगलेले अंक, ओळीने. ताईने चष्मा लावला. एक पाऊल पुढे गेली. मग आणखी एक. म्हणाली, "कुठाय?"

मी म्हटलं, "ताई, ते... त्या बारकोडच्या जरा वर बघ."

"अरे, नाक तरी ठेवायचंस! नाक आपल्या आईचं आहे!" आणि रस्त्यात रडायलाच लागली हो! मला तर धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मी छकुलीकडे बघायचं टाळत होतो.  ती नुसती बघत होती त्या अंकाकडे. म्हटलं, संपलं. पोरीचा शेवटचा अंक, मामाने गुडघेदुखीच्या जाहिरातीखाली पुरला.

तेवढ्यात शाळेच्या चार-पाच मुली आल्या, पाठीवर दप्तरं, तोंडात बडबड. त्यातली एक पुढे गेली, थांबली, मागे आली आणि किंचाळली, "अगं, ती बघ! गोलकीपर!" दुसरी म्हणाली, "कुठे? हो गं! तेच डोळे!" आणि तिने दोन्ही हातांची बोटं जाळीसारखी तोंडासमोर धरली आणि त्यातून अशी बघायला लागली, अगदी टीव्हीवर बघितलं होतं तसं! स्टॉलवाला वाकून म्हणाला, "अरेच्चा, ही तर ती! एक गोल जाऊ दिला नाही ती!" जाणारा येणारा थांबायला लागला. ज्या माणसांना अख्खा चेहरा दाखवला तर साबण आठवला, त्यांना नुसते डोळे दाखवले तर नाव, सामना, सगळं पाठ!

आणि गंमत बघा, ती शेजारीच उभी होती! त्यातली एक मुलगी तिला म्हणते कशी, "ताई, जरा सरकता का? आम्हाला बघायचंय." छकुली सवयीने सरकायला लागली... आणि थांबली. मग तिने एक पंजा कपाळावर धरला, एक पंजा नाकावर, आणि त्या मुलींकडे वळली.

काय आरडाओरडा झाला म्हणून सांगू! स्टॉलवाल्याचे निम्मे अंक खाली पडले. मुलींनी तिला घेरलं, सही द्या, सही द्या! आणि सही करायला मुखपृष्ठावर जागा कुठाय? एवढीशी जागा नाही! शेवटी मागच्या पानावर पंख्याची जाहिरात होती, त्या पंख्याच्या तीन पात्यांवर सह्या केल्या तिने. आणि माझ्याकडे बघून हसली. खरी हसली, हनुवटीला दिलं होतं तसलं नाही. म्हणाली, "मामा, आज मला कुणी बाजूला नाही केलं." मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ताई डोळे पुसत होती आणि एकीकडे मुलींना सांगत होती, "नाक आमच्या आईचं आहे बरं का!"

आता तुम्हाला वाटेल, गोड झालं सगळं, मग हा माणूस कुरकुरतोय कशाला? अहो, अंक संपला ना! एक प्रत उरली नाही! खप दोन दिवस हवेत तरंगत होते. साहेबांनी बैठक बोलावली आणि म्हणाले, "वाचकाला काय हवंय? डोळे! यापुढे प्रत्येक मुखपृष्ठावर फक्त डोळे. बाकी सगळं झाकायचं." मी म्हटलं, "साहेब, तो अपघात होता, ती गोलकीपर होती, लोकांनी तिला तसंच पाहिलं होतं म्हणून..." साहेब म्हणाले, "तसंच असतं!" झाला की नियम!

आणि या अंकाला कोण आलंय माहितीये? टेनिसवाला एक देखणा. त्याची ख्याती म्हणजे त्याचं हसू. खास मुखपृष्ठासाठी म्हणून दाताच्या डॉक्टरकडे जाऊन आलाय, आठवडाभर चहा सोडला, कॉफी सोडली, आई बरोबर आलीय, ती सारखी विचारतेय, "दात नीट दिसतील ना हो?" काय सांगू त्या माउलीला? मी फोटो बघितला. सुरेख दात, एकही डाग नाही, अगदी पांढरेशुभ्र...

बारकोडला अशीच जागा लागते.